माउंटखालचा हात

गुरुवारी अकरा वाजता आमच्याकडे चित्राचा तास असतो. हा तास मी सुरू केलेला नाही, मी तो फक्त बंद पडू दिला नाही. मुलांच्या आईने सुरू केला होता आणि ती जाऊन आता आठ महिने झालेत. जाऊन म्हणजे गावाबाहेर जाऊन. ती धडधाकट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं माझ्याशी हल्ली अगदी हळू आवाजात बोलतात.

मी फ्रेमवाला आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार. मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. हाही तिचाच निर्णय होता. तिच्याकडे शिकवण्याची पदवी होती, घरी शिकवण्याचा परवाना तिच्या नावावर मिळाला आणि कपाटाच्या दारावर तिने वेळापत्रक चिकटवलं. ती गेल्यावर मी ते काढलं नाही. काढायचं तर त्या जागी दुसरं काय लावायचं हे ठरवावं लागलं असतं. म्हणून आठला गणित, साडेनवाला वाचन, आणि गुरुवारी अकराला चित्र. मध्ये कुणी आलं तर मी दुकानात जाऊन माप घेतो आणि परत येऊन भागाकार तपासतो.

चित्राच्या तासाची तिची पद्धत ठरलेली होती. एकच चित्र सहा आठवडे. ते टेबलावर उभं करायचं, स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ पाच मिनिटांवर लावायचं आणि गप्प बसून बघायचं. गजर झाला की चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मग एकेकाने सांगायचं, काय काय पाहिलं. छान, सुंदर, मस्त हे शब्द बंद. चित्रकार कोण, हेही सहाव्या आठवड्यापर्यंत सांगायचं नाही. जे दिसलं ते सांगा, बाकीच्या गप्पा नंतर. वर्षाची सहा चित्रं तिने आधीच निवडून एका तपकिरी फाइलमध्ये घालून ठेवली होती. आम्ही चौथ्यावर होतो.

मुलं दोन. मोठी अकराची, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावा लागतो. धाकटा सातचा. जन्मला तेव्हा गोल गरगरीत होता म्हणून त्याचं नाव भोपळा पडलं. आता त्याच्या बरगड्या मोजता येतात, पण नाव कुणी बदललेलं नाही.

चौथं चित्र असं होतं. एक खोली. डावीकडे खिडकी. मध्ये टेबल, त्याच्याशी बसून दोन मुलं वाडग्यातून काहीतरी खातायत. तिसरी खुर्ची मागे सरकवलेली, रिकामी. टेबलाखाली कुत्रा. उजवीकडे दार, आणि अगदी कडेला, दारावर एक हात. माणूस नाही, फक्त बाही आणि हात. बाकीचा माणूस चित्रकाराने चित्राबाहेर ठेवलेला.

छापील कागद नुसता टेबलावर टेकवला की तो वाकतो, म्हणून मी प्रत्येक चित्र फ्रेम करून देतो. चित्राच्या आणि फ्रेमच्या मध्ये जाड पांढऱ्या कागदाची जी चौकट असते, तिला आमच्याकडे माउंट म्हणतात. माउंट कापताना चित्राची कड थोडी झाकली जातेच. थोडी म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. मी दोन बोटं आत कापलं. तो हात मला दिसला होता. अर्धवट माणसं कडेला लोंबकळत असली की चित्र घाणेरडं दिसतं, असं मी मनाशी म्हणालो आणि झाकलं. समतोल राहावा म्हणून डावीकडेही तेवढंच झाकलं. बायको असती तर भांडली असती. ‘तू चित्रं खातोस,’ असं ती नेहमी म्हणायची. पण ती नव्हती. काच बसवली, मागून खिळे ठोकले, टेप लावली.

आता पत्राचं सांगतो. ती गेली ती तीन महिन्यांच्या कामासाठी. दर रविवारी मुलांना फोन करायची, अजूनही करते. पाचव्या महिन्यात मला पत्र आलं. फोनवर न बोलता पत्र लिहिलं यावरूनच मी ओळखलं. ती परत राहायला येणार नव्हती. मुलांना सुट्टीत भेटेल, पुढचं दोघांनी मिळून ठरवू, मुलांना कसं सांगायचं ते आधी आपण बोलू, असं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, की तुझ्याशी बोलणं म्हणजे काचेशी बोलणं, पलीकडचं सगळं दिसतं पण हात पोचत नाही. मी ते वाचलं आणि काचकामाच्या ड्रॉवरमध्ये, काच कापायच्या हिरकणीच्या डबीखाली ठेवलं. त्या दिवशी मी सात फ्रेम पूर्ण केल्या. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गालाला हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा तरी गाल वाटतो. माझं तसं झालं होतं, आणि ते उतरत नव्हतं.

मुलांना सांगितलं नाही. आई कामात आहे, एवढ्यावर वेळ मारून नेली. सांगितलं असतं तर ते परवान्याच्या ऑफिसपर्यंत पोचलं असतं, आणि परवान्यावर स्पष्ट लिहिलंय की शिकवणारी व्यक्ती घरात राहणारी असावी. मग शाळा. शाळा काही वाईट नसते, मीही शाळेतच शिकलो. पण आठ ते तीन हे घर रिकामं राहिलं तर मी मधलं दार उघडून मागे कशासाठी जायचं, हे मला सुचत नव्हतं. मुलं मला घरात हवी होती. मुलांसाठी म्हणून नव्हे, माझ्यासाठी.

पहिल्या गुरुवारी भोपळ्याने वाडगी, चमचे आणि कुत्र्याचे पाय सांगितले. वकीलबाई म्हणाली, “दारात कुणीतरी आहे.”

“दारात कुणी नाही,” मी म्हणालो.

“आहे. कुत्रा तिकडे बघतोय. आणि जमिनीवर सावली आहे, ती टेबलाची नाहीये.”

“जे दिसतं तेवढंच सांगायचं.”

“सावली दिसते.”

“मग सावली म्हण. माणूस म्हणू नकोस.”

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी तिने आणखी एक पुरावा आणला: मोठ्या मुलाचा चमचा तोंडापर्यंत न जाता मध्येच थांबलाय. कुणी खाताना असं कधी थांबतं? कुणी काही बोललं तर, किंवा कुणी उठून गेलं तर. मी तेच वाक्य तिला पुन्हा ऐकवलं. चौथ्या आठवड्यापासून मी ते तिच्याकडे न बघताच ऐकवायला लागलो. ती मात्र दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची.

सहाव्या गुरुवारी साडेदहाला परवान्याच्या ऑफिसातल्या तपासनीस बाई आल्या. त्या वर्षातून एकदा येतात, पण कधी येतील ते कळवत नाहीत. चाळिशीपुढच्या, हातात जाड रजिस्टर, पायात नवे बूट. बूट चावत असावेत, कारण बसल्याबसल्या त्यांनी एक टाच हळूच बाहेर काढली. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी त्यांना पाणी दिलं.

“मुलांच्या आई कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. “परवाना त्यांच्या नावावर आहे.”

मुलं समोरच बसली होती. मी म्हणालो, “कामासाठी बाहेरगावी गेलीय. पुढच्या आठवड्यात येईल.”

भोपळ्याने पेन्सिलीचं टोक चावलं. वकीलबाईने माझ्याकडे पाहिलं आणि मग वहीकडे. बाईंनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि मुलांना गणितं घातली. दोघांनी सोडवली. वाचायला दिलं, वाचलं. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. अकरा वाजले तेव्हा भोपळा आपणहून उठला आणि स्वयंपाकघरातून घड्याळ घेऊन आला. त्याला कुणीतरी आवरायला हवं होतं. बाई म्हणाल्या, “हे काय आहे?” त्याने सगळं समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, “करा की, मी बघते.”

पाच मिनिटं आम्ही चौघं बसलो. गजर झाला, मी चित्र फिरवलं. भोपळ्याने आपलं सांगून टाकलं, कुत्र्याच्या डाव्या कानाला खोक आहे यासकट. मग वकीलबाई उभी राहिली. बसून सांगितलं तरी चालतं, पण ती उभी राहिली.

“एक घर आहे. दोन मुलं जेवतायत. खुर्ची एवढी मागे सरकलीय म्हणजे तिच्यावरून कुणीतरी आत्ताच उठलंय. ते माणूस दारात आहे. ते आपल्याला दिसत नाही, पण आहे.”

“दिसत नाही तर कशावरून?” बाईंनी विचारलं.

तिने कुत्रा, सावली, चमचा, सगळं ओळीने मांडलं. बाईंनी चित्र फिरवून पाहिलं. दाराची जेमतेम एक पट्टी दिसत होती. तिथे कुणी नव्हतं.

“इथे तर कुणी नाही, बाळा.”

“आहे,” वकीलबाई म्हणाली. “सहा आठवडे आहे.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बाईंनी मुलांना आत जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं. दोघं स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं.

“अभ्यास चांगला आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “लहानग्याचा तर फारच. पण मोठीबद्दल मला लिहावं लागेल. नसलेली गोष्ट ती इतक्या ठामपणे सांगते... आणि नुसतं सांगत नाही, तिचा जीव अडकलाय त्यात. घरात काही झालंय का?”

“नाही.”

“मग तिला निदान सहा महिने शाळेत घालून तिथल्या समुपदेशकांना दाखवा. लहान्याला राहू दे घरी. मी असं लिहिते: कल्पना आणि वास्तव यांत फरक करता येत नाही.” त्यांनी खरोखर लिहिलं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवून सहीची जागा दाखवली. “हे तुम्हाला मान्य असेल तर.”

मी पेन घेतलं. आठ महिने मला सगळंच मान्य होतं. लाकडाचा भाव वाढला, मान्य. रविवारचा फोन दहा मिनिटांत संपला, मान्य. सही केली असती तर परवाना वाचला असता आणि निम्मं घर माझ्याकडे राहिलं असतं. स्वयंपाकघरात भोपळा पाणी पीत होता, त्याचे घोट ऐकू येत होते. वकीलबाईचा काहीच आवाज येत नव्हता. मी त्या वाक्याकडे पाहिलं. माझ्या पोरीचे डोळे शाबूत होते. या घरात तेवढेच शाबूत होते, आणि त्यांच्यावर हे लिहिलं जात होतं.

मी पेन ठेवलं आणि दुकानातून पक्कड आणली.

चित्र पालथं घालून मी टेप फाडली. खिळे बारा होते. मी ते एकेक करून उपसले आणि पाण्याच्या रिकाम्या पेल्यात टाकले. आवाज ऐकून मुलं दारात येऊन उभी राहिली. मागचा पुठ्ठा काढला, चित्र माउंटसकट काचेवरून उचललं आणि सुलटं करून टेबलावर ठेवलं. मग माउंट उचललं.

बाई पुढे वाकल्या. भोपळा खुर्चीवर चढला. वकीलबाई जागची हलली नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मग सहा आठवडे तुम्ही तिला...”

“हो. मीच झाकलं होतं.”

मला वाटलं वकीलबाई आता जिंकल्यासारखं हसेल किंवा पाय आपटत निघून जाईल. ती टेबलाशी आली, घड्याळ उचललं, पाच मिनिटांवर लावलं आणि खुर्चीत बसली. पद्धत म्हणजे पद्धत. आम्हीही बसलो. बाईंनी दुसरी टाचही बुटातून बाहेर काढली.

गजर झाला. तिने चित्र पालथं केलं.

“बाहीचं कापड जाड आहे,” ती म्हणाली. “कोट आहे. घरात जेवायला वाढताना कुणी कोट घालत नाही. बोटं बाईची आहेत, दाराच्या कडेवर, आणि ती दार ओढतायत. दार आत उघडतं. येणारा माणूस ते ढकलेल, ओढणार नाही. म्हणजे ती बाई चाललीय.” जरा थांबून ती म्हणाली, “आणि मुलांना ते माहीत आहे. म्हणून तर चमचा थांबलाय.”

मी बोलायला तोंड उघडलं. तीन महिन्यांत जे वाक्य जुळवता आलं नव्हतं ते काही आता जुळणार नव्हतं, म्हणून मी नुसतंच म्हणालो, “आईचं एक पत्र आलंय. दाखवायचं राहिलं.”

“काचेच्या ड्रॉवरमध्ये,” भोपळा म्हणाला.

“हिरकणीच्या डबीखाली,” वकीलबाई म्हणाली. “आम्ही वाचलंय. आई परत राहायला येणार नाहीये. मीच वाचून दाखवलं त्याला. अवघड शब्द गाळले.”

“कधी?”

“तू ठेवलंस त्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

तिने खांदे उडवले. “तू झाकून ठेवलं होतंस. जे दिसतं तेवढंच सांगायचं, असं तूच म्हणतोस ना.”

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणजे तीन महिने ती दोघं माझ्यासमोर बसून, आई कामात आहे या वाक्यावर माना डोलावत होती. मी त्यांना सांभाळतोय असं मला वाटत होतं. सांभाळत ती दोघं होती, मला.

तपासनीस बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. मोठीबद्दलचं वाक्य त्यांनी पट्टी लावून खोडलं आणि वर लिहिलं: निरीक्षण अत्यंत बारकाईचं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती मला वाचून दाखवली. शिकवणारी व्यक्ती घरात राहत नाही, सबब परवाना रद्द. दोघांनीही पुढच्या सत्रापासून शाळेत जावं.

“हे मला लिहावंच लागतं,” त्या म्हणाल्या.

“मला मान्य आहे,” मी म्हणालो. या वेळी ते म्हणण्याआधी मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली होती. मी सही केली. त्यांनी बूट चढवले, दोन्ही मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि दुकानातून बाहेर पडल्या. मधलं दार उघडंच राहिलं.

टेबलावर माउंटची पांढरी चौकट पडली होती, तिच्या आत कोरं टेबल. वकीलबाईने ती उचलून माझ्यापुढे धरली. “नवीन काप. दोन मिलिमीटरच.”

“कापतो.”

“आज सहावा आठवडा आहे,” भोपळा म्हणाला. “आज चित्रकाराचं नाव सांगायचं. आणि मला प्रश्न विचारायचाय.”

नाव छापील कागदाच्या मागे होतं, ते मी वाचून दाखवलं. त्याला त्यात रस नव्हता. त्याने चित्र पुन्हा सुलटं केलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि बराच वेळ बघितलं. आधी खुर्ची, मग दार, मग खिडकी.

“आई दारात आहे,” तो म्हणाला. “मग यांचे बाबा कुठे आहेत?”

वकीलबाईने चित्र जवळ ओढलं. तिने डावी कड तपासली, वरची तपासली, टेबलाखाली पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. आता काय म्हणायचं हे तिला कळत नव्हतं, आणि असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“सांग,” मी म्हणालो. “जे दिसतं ते.”

“बाबा नाहीयेत,” ती म्हणाली. “कुठेच नाहीयेत.”

सहा आठवडे मी त्या चित्रासमोर बसलो होतो. त्याचं माउंट मी हाताने कापलं होतं, काच पुसली होती, कुत्र्याच्या कानावरची खोकसुद्धा मला पाठ झाली होती. त्यात बाप नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. भोपळ्याने घड्याळ माझ्यापुढे सरकवलं आणि मी ते पुन्हा पाच मिनिटांवर लावलं.